कुरळ्या केसांचे वळण वाळतानाच ठरते

प्रश्न : माझे केस जन्मापासून कुरळे असून खांद्याच्या खाली पोहोचतात. ओले असताना बटा नीट वळलेल्या दिसतात, पण वाळले की केस पिंजारतात, डोक्यावर चपटे बसतात आणि खाली पसरतात. सकाळी लवकर बाहेर पडावे लागते, म्हणून मी रात्री केस धुते आणि बऱ्याचदा ओल्या केसांनीच झोपते. मध्यंतरी डिफ्यूझर असलेला ड्रायर घेतला, पण त्याने केस अधिकच फुगले. जेल लावले तर केस कडक होतात आणि पांढरे कण पडतात. ड्रायरच्या उष्णतेने केसांची वाट लागेल, असे घरचे सांगतात. मैत्रिणी म्हणतात, एकदाचे सरळ करून टाक. मी काय करावे?

उत्तर :

ओले असताना बटा नीट वळलेल्या दिसतात, हे वाक्य तुम्ही ओघात लिहिले आहे. पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातले तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याचा अर्थ असा की तुमच्या केसांचा मूळ कुरळेपणा शाबूत आहे आणि जे बिघडते ते केस ओल्याचे कोरडे होईपर्यंतच्या वेळात बिघडते. म्हणून नवा शाम्पू किंवा आणखी एखादे महागडे क्रीम शोधण्याआधी त्या मधल्या वेळात केसांना आपण कसे हाताळतो, हे बदलायला हवे. हे उत्तर बहुतांशी त्या वेळेबद्दलच आहे.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींशी निरनिराळ्या बंधांनी जोडलेल्या असतात. त्यांपैकी गंधकाचे बंध पक्के असतात; ते नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र नाजूक असतात आणि केस भिजला की मोकळे होतात. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेऊ शकतो. तो फुगतो, मऊ पडतो आणि द्याल तो आकार घेण्याच्या स्थितीत येतो. पाणी उडून जाऊ लागले की हेच बंध पुन्हा जुळतात, आणि त्या क्षणी केस ज्या आकारात असेल तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो. ओल्या केसांत शेकडो केस एकत्र येऊन एकेक बट तयार झालेली असते. ती बट न विस्कटता वाळली तर बटच राहते. मधेच चोळली, विंचरली किंवा जोराच्या वाऱ्यात उडाली तर तिच्यातला प्रत्येक केस आपापल्या जागी, आपापल्या दिशेने वाळतो. तुम्ही ज्याला पिंजारणे म्हणता ते नेमके हेच आहे.

कुरळ्या केसांना हा त्रास सरळ केसांपेक्षा अधिक होतो, कारण टाळूतून सुटणारे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत सहजी पोहोचत नाही. मुळे तेलकट आणि टोके राठ, अशी स्थिती त्यामुळे होते. शिवाय केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात आणि त्यांची उघडी कड टोकाच्या दिशेला असते. टॉवेलने खसाखसा पुसताना ही कड उचलली जाते, केस एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो.

यातून जी शिस्त निघते ती तीन टप्प्यांची आहे, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे ते सारे तिच्यातच बसते. केस पूर्ण ओले असताना त्यांना हवा तसा आकार द्यावा. ते वाळत असताना त्यांना बोट लावू नये. आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा हात लावून ते मोकळे करावेत. बहुतेकांचे चुकते ते दुसऱ्या टप्प्यात. वाळले का, हे पाहण्यासाठी दर दोन मिनिटांनी केसांतून बोटे फिरवण्याची सवय फार जणांना असते, आणि त्या प्रत्येक फेरीत काही बटा मोडतात.

सुरुवात न्हाणीघरातच होते. कुरळे केस कोरडे असताना विंचरू नयेत. गुंता काढायचा तो केसांत भरपूर कंडिशनर असताना. कंडिशनरमधले घटक केसाच्या पृष्ठभागाला चिकटून घर्षण कमी करतात, त्यामुळे कंगवा ओढावा लागत नाही. आधी बोटांनी मोठे गुंते सोडवावेत, मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून सुरुवात करून हळूहळू वर सरकावे. ओला केस कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो आणि ताण फार झाला तर तुटतो, म्हणून कंगवा जिथे अडेल तिथे जोर न लावता थांबावे, वरचा भाग मुठीत धरावा आणि अडलेली गाठ खालून सोडवावी. या विंचरण्यानंतर पुढच्या धुण्यापर्यंत कंगवा हाती घ्यायचा नाही, हे सुरुवातीला अवघड वाटेल. पण एवढा एक बदल केला तरी फरक दिसू लागतो.

कंडिशनर धुऊन काढल्यावर केस पिळू नयेत आणि टॉवेलही घेऊ नये. पुढचे काम केसांतून पाणी ठिबकत असतानाच करायचे आहे. तुम्ही जेल नेमके कधी लावता ते लिहिलेले नाही, पण ते कडक होते आणि पांढरे कण पडतात, यावरून ते अर्धवट वाळलेल्या केसांवर लागत असावे, असा माझा अंदाज आहे. ओल्या केसांवर पाण्याबरोबर जेल सारखे पसरते. अर्धवट वाळलेल्यांवर ते जिथे लागेल तिथेच थापले जाते. आधी थोडे लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांतच ठेवायचे, कंडिशनर किंवा क्रीम टोकांकडच्या अर्ध्या भागाला लावावे. त्यानंतर जेल दोन्ही तळव्यांवर पसरून घ्यावे, केसांचा एकेक भाग दोन तळव्यांच्या मधे धरावा आणि वरून खाली हात सरकवत आणावेत. मग मान एका बाजूला कलती करून केस टोकांकडून ओंजळीत घ्यावेत, ओंजळ वर न्यावी आणि मूठ हलकेच मिटावी. या वेळी पचपच असा ओला आवाज यायला हवा. तो येत नसेल तर केसांत पाणी कमी आहे असे समजावे आणि ओंजळभर पाणी घेऊन पुन्हा तसेच करावे. हाताखाली केस गुळगुळीत, सलग आणि किंचित बुळबुळीत लागले की जेल पुरेसे झाले. प्रमाण प्रत्येकाच्या केसांच्या दाटपणावर अवलंबून असते, तरी सुरुवात थोडक्यापासून करणे चांगले.

जेलबद्दल अनेकांच्या मनात अढी असते, म्हणून त्याचे काम काय, हे सांगायला हवे. जेलमधले पॉलिमर वाळताना बटेभोवती पातळ पापुद्रा तयार करतात. तो पापुद्रा बट एकत्र धरून ठेवतो आणि हवेतला दमटपणा केसांत शिरण्याचा वेग कमी करतो. केस वाळल्यावर कडक लागणे हा बिघाड नाही. जेलने आपले काम केल्याची ती खूण आहे. तो कडकपणा शेवटी घालवायचा असतो, आणि तो कसा घालवायचा हे पुढे येईलच. जवस पाण्यात उकळून, गाळून घरी केलेले जेलही हेच काम बऱ्यापैकी करते; मात्र त्यात टिकवणारे द्रव्य नसल्यामुळे ते फ्रीजमध्ये ठेवावे, आठवड्याभरात संपवावे आणि वास बदलला तर टाकून द्यावे.

आता टिपण्याचे काम. केसांत दोन ठिकाणी पाणी असते : केसांच्या आत शोषलेले, आणि केसांच्या मधल्या फटींत नुसते अडकलेले. कापडाने निघते ते फक्त दुसरे. ते काढण्यासाठी चोळण्याची गरज नसते, दाबणे पुरे. यासाठी लूप असलेल्या जाड टॉवेलपेक्षा जुना, मऊ सुती टी-शर्ट किंवा मायक्रोफायबरचे कापड बरे, कारण त्याच्या गुळगुळीत विणीत केस अडकत नाहीत. कापड पलंगावर किंवा खुर्चीवर पसरावे, पुढे वाकून केस त्याच्या मधोमध घडी पडल्यासारखे टेकवावेत, कापड मानेमागून आणून डोक्याभोवती सैलसर बांधावे आणि १० ते १५ मिनिटे तसेच राहू द्यावे. तेवढ्या वेळात इतर आवरून होते. याहून जास्त वेळ ठेवल्यास मुळाजवळचे केस दाबलेल्या स्थितीत वाळू लागतात, आणि तुमची डोक्यावर केस चपटे बसण्याची तक्रार पाहता तुम्ही तर १० मिनिटांच्या पुढे जाऊच नये.

घरच्यांची ड्रायरबद्दलची भीती अगदीच निराधार नाही. ओल्या केसांत फार उष्णता गेली तर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि केसाच्या आत बारीक पोकळ्या तयार होतात. केस पुढे तिथूनच तुटतो. ओल्या केसांवर केस सरळ करण्याची तापलेली इस्त्री फिरवणे त्यामुळेच सर्वांत घातक असते. पण ड्रायर आणि इस्त्री यांना एकाच मापाने मोजता येत नाही. २०११ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात कोरियातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ड्रायर १५ सेंटिमीटर अंतरावर धरला असता तापमान ४७ अंश सेल्सिअस होते आणि ५ सेंटिमीटरवर ते ९५ अंशांपर्यंत गेले. जवळून वाळवलेल्या केसांचा पृष्ठभाग अधिक खराब झाला, हे अपेक्षितच होते. मात्र ड्रायर न वापरता नुसते वाळू दिलेल्या केसांत, ते फार वेळ ओले राहिल्यामुळे, पेशींना जोडून ठेवणाऱ्या आतल्या थरात बिघाड आढळला, आणि १५ सेंटिमीटरवरून ड्रायर सतत हलता ठेवून वाळवणे तुलनेने कमी हानिकारक ठरले. एका अभ्यासावरून केस हवेवर वाळवणे वाईट असा निष्कर्ष काढू नये. पण ड्रायर हातात घेतला की केस गेलेच, हे म्हणणेही त्याने खोटे पाडले, एवढे घरच्यांना निश्चिंतपणे सांगता येईल.

तुमचा ड्रायर केस फुगवतो त्याचे कारण उष्णतेपेक्षा हवेच्या जोरात असावे. डिफ्यूझर म्हणजे ड्रायरच्या तोंडाला बसणारी, बोटांसारखे दांडे असलेली पसरट वाटी. एकाच धारेने येणारी हवा ती अनेक छिद्रांतून विखरून सोडते, जेणेकरून बटा उडू नयेत. पण हवेचा वेग सर्वांत वरच्या खुणेवर ठेवला तर वाटी असूनही बटा फाटतात. वेग सर्वांत कमी आणि उष्णता कमी किंवा मध्यम, ही जोडी पक्की धरावी. वेळ जास्त लागतो हे खरे आहे. तो वाचवण्यासाठी वेग किंवा उष्णता वाढवली तर मात्र सगळी मेहनत वाया जाते.

पहिली काही मिनिटे वाटी केसांना टेकवूच नये. ती डोक्यापासून वितभर दूर धरून, आधी मुळांशी आणि मग लांबीवर, सावकाश फिरवत राहावे आणि दुसरा हात केसांपासून लांब ठेवावा. या वेळात एका बटेकडे आरशात नीट पाहिले तर बदल दिसतो : आधी ती पाण्याने चमकत असते, मग चमक मावळते, वरचे सुटे केस आत चिकटतात आणि बट किंचित आखडून वर चढते. बटेवर पापुद्रा धरल्याची ही खूण. बाहेरच्या सगळ्या बटा अशा दिसू लागल्या की मग वाटी वापरायची. मान एका बाजूला झुकवावी, खाली लोंबणाऱ्या बटा वाटीत अलगद गोळा होऊ द्याव्यात, वाटी टाळूच्या दिशेने वर न्यावी आणि हात स्थिर ठेवावा. शक्य असेल तर वाटी वर नेताना आणि काढताना ड्रायर बंद करावा, म्हणजे येता-जाता बटा उडत नाहीत. इथे मघाचे १५ सेंटिमीटरचे अंतर राहत नाही, केस वाटीतच असतात. म्हणूनच उष्णता कमी ठेवण्याचा आग्रह मी धरते, आणि एका जागी अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबू नये असेही सांगते. टाळूला चटका जाणवला तर केसांनाही तो बसतो आहे, हे ओळखावे.

डोक्यावर केस चपटे बसतात याचे कारण ओल्या केसांचे वजन. लांबीत अडकलेले पाणी मुळांना खाली ओढते, मुळे टाळूला चिकटूनच वाळतात, आणि खालचा भाग मात्र वजन उतरल्यावर आखडून बाहेर पसरतो. यावर दोन उपाय एकत्र करावेत. जेल लावून झाल्यावर माथ्यावरच्या केसांच्या मुळाशी लहान क्लिपा आडव्या खोचून मुळे टाळूपासून थोडी उचलून धरावीत आणि त्या केस वाळेपर्यंत काढू नयेत. दुसरे म्हणजे, पापुद्रा धरल्यानंतर पुढे वाकून, केस उलटे सोडून मुळे वाळवावीत. भांग नेहमी एकाच ठिकाणी पडत असेल तर तोही वाळवताना दुसऱ्या बाजूला पाडून पाहावा. तरीही आकार त्रिकोणीच राहिला तर दोष कापण्यात असतो : सगळे केस एकाच लांबीला कापले की कुरळे केस हमखास खाली पसरतात. कुरळ्या केसांची सवय असलेल्या कारागिराकडून, शक्यतो कोरड्या आणि नैसर्गिक वळणातल्या केसांवर, थर देऊन कापून घ्यावेत. ओले असताना लांबी फसवी असते; वाळल्यावर ती बरीच वर चढते.

केस वाळले की नाही, हे नुसत्या हाताला कळत नाही, कारण गरम हवेत दमट बटही उबदार आणि म्हणून कोरडी वाटते. त्यासाठी शेवटी ड्रायरची थंड हवा एखादे मिनिट द्यावी आणि मग मानेजवळची, सर्वांत आतली बट दोन बोटांत दाबून पाहावी. ती गार लागली तर आत पाणी आहे आणि ते अजून उडते आहे. गार लागेनाशी झाली की वाळली. केस बाहेरून वाळलेले आणि आतून ओले असताना बहुतेक जण ड्रायर ठेवून देतात, केस मोकळे करतात, आणि तासाभराने सगळे पिंजारले म्हणून हताश होतात. उरलेली ओल हवेवर जाऊ द्यायची असली तरी चालते, पण मग ती जाईपर्यंत केसांना हात लावायचा नाही.

पूर्ण वाळलेल्या, थंड झालेल्या केसांवरच कडकपणा घालवायचा. तळव्यावर दोन-तीन थेंब हलके तेल किंवा सीरम घ्यावे, ते हातभर पसरून जवळजवळ नाहीसे होऊ द्यावे, आणि मग मघासारखेच केस टोकांकडून ओंजळीत घेऊन मूठ मिटावी आणि सोडावी. पापुद्रा चुरचुर करत मोडतो आणि बट मऊ होते. काही वेळ असे केले की केसांत कडक असे काही उरत नाही, वळण मात्र राहते. मुळांशी बोटांची टोके घालून ती टाळूवर जागच्या जागी हलकेच हलवली तर उठावही येतो. लांबीतून बोटे ओढू नयेत.

पांढऱ्या कणांची कारणे बहुधा तीन असतात. जेल गरजेपेक्षा जास्त लागणे हे पहिले, आणि वाळत असताना हात लावल्याने पापुद्रा अर्धवट तुटणे हे दुसरे. तिसरे कारण चटकन लक्षात येत नाही : खाली लावलेले क्रीम आणि वरचे जेल यांचे एकमेकांशी पटत नाही. याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही थोडे-थोडे तळव्यावर घेऊन बोटाने मिसळावे. मिश्रण गुळगुळीत राहिले तर जोडी जमली. त्यात बारीक पांढऱ्या गुठळ्या दिसल्या तर त्याच गुठळ्या उद्या तुमच्या केसांत दिसणार आहेत. अशा वेळी दोहोंपैकी एक बदलावे. बदलण्याआधी एकदा केस चांगले स्वच्छ करणाऱ्या शाम्पूने धुऊन पाहावे, कारण आधीच्या उत्पादनांचे थर साठलेले असले की नवे काहीही नीट बसत नाही. सल्फेट (फेस आणून मळ काढणारा घटक) असलेला शाम्पू कुरळ्या केसांना कधीच लावू नये, असे तुम्ही ऐकले असेल. रोज लावला तर तो केस कोरडे करू शकतो, हे मान्य. पण साठलेले थर काढण्यासाठी तो अधूनमधून वापरण्यात मला काही गैर वाटत नाही.

रात्री ओल्या केसांनी झोपणे मात्र थांबवावे. ओले केस उशीवर दाबले गेले की रात्रभरात त्याच दबलेल्या आकारात त्यांचे बंध जुळतात, आणि सकाळी तुम्ही विस्कटलेल्या केसांशी झगडत बसता. केस दाट असतील तर टाळूही तासन्‌तास दमट राहते, आणि ज्यांना कोंड्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी ते बरे नव्हे. रात्रीच धुणे सोयीचे असेल तर जेवणाआधी धुवावेत आणि झोपेपर्यंत वर सांगितल्याप्रमाणे वाळवून घ्यावेत. कडक पापुद्रा रात्री न मोडता तसाच ठेवावा, तो झोपेत बटांचे रक्षण करतो. झोपताना केस माथ्यावर गोळा करून कापडी, सैल रबराने एकदाच वेढा देऊन बांधावेत आणि उशीला सॅटिनचा किंवा रेशमी अभ्रा घालावा, कारण सुती अभ्र्यावर केस घासले जातात. ओले केस घट्ट मात्र कधीच बांधू नयेत. रोज घट्ट बांधल्याने कपाळाच्या कडेचे केस मुळातून ओढले जाऊन विरळ होऊ शकतात.

सकाळी पुन्हा धुण्याची गरज नसते. फवाऱ्याच्या बाटलीतले पाणी ज्या बटा दबल्या आहेत त्यांच्यावरच मारावे, ओंजळीत दाबावे आणि दोन-चार मिनिटे डिफ्यूझर फिरवावा. एखादी हट्टी बट बोटाभोवती गुंडाळून सोडून द्यावी. याला लागणारा वेळ तुमच्या सकाळच्या घाईत सहज बसेल. ड्रायर मात्र न्हाणीघरात पाण्याजवळ वापरू नये, आणि त्याच्या मागच्या जाळीवर साठणारा धुळीचा, केसांचा थर अधूनमधून काढावा. जाळी तुंबली की हवा कमी पडते आणि ड्रायर गरजेपेक्षा जास्त तापतो.

हवा दमट असेल त्या दिवशी हे सगळे नीट करूनही थोडे केस सुटणारच, कारण हवेतले पाणी केसांत शिरून तेच नाजूक बंध पुन्हा मोकळे करते. अशा दिवसांत पकड घट्ट असलेले जेल वापरावे आणि ज्यांच्या घटकांच्या यादीत ग्लिसरीन अगदी सुरुवातीला आहे अशी उत्पादने बाजूला ठेवून पाहावीत, कारण ग्लिसरीन पाणी ओढून घेते. थोडासा पसारा कुरळ्या केसांना शोभतोही. एकूण एक केस जागच्या जागी असावा, ही अपेक्षा छायाचित्रांतून आलेली आहे. तिच्यामागे लागून रोज उष्णता देत राहू नये.

केसांचा प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकी केशरचनाकार आंद्रे वॉकर यांची १ ते ४ आकडे आणि अ, ब, क असे उपप्रकार असलेली पद्धत तुमच्या वाचनात आली असेल. तिच्यात आपण कुठे बसतो, हे शोधण्यात मी तुम्हाला वेळ घालवू देणार नाही. एकाच डोक्यावर माथ्याला एक आणि मानेजवळ दुसरा प्रकार असू शकतो. त्यापेक्षा तुमचा केस जाड आहे की बारीक आणि तो पाणी पटकन शोषतो की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे. बारीक केसांना जड क्रीम आणि तेल सोसत नाही, बटा ओघळतात. जाड, राठ केसांना ते लागतेच. धुण्याआधी तेल लावत असाल तर खोबरेल तेल निवडावे. ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत खनिज तेल आणि सूर्यफुलाचे तेल यांच्यापेक्षा खोबरेल तेलाने धुताना होणारी प्रथिनांची झीज स्पष्टपणे कमी केली होती.

राहिला प्रश्न केस सरळ करून टाकण्याचा. कायमचे सरळ करताना रसायनांनी ते गंधकाचे पक्के बंधच तोडून नव्याने जुळवले जातात. एकदा हे केले की त्या केसाचे जुने वळण परत येत नाही, आणि मुळातून उगवणारा केस मात्र कुरळाच असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे काही महिन्यांत वर कुरळे आणि खाली सरळ, असे दोन प्रकार एकाच वेळी सांभाळावे लागतात आणि सरळ करणे पुन्हापुन्हा करावे लागते. केराटिन ट्रीटमेंट या नावाने होणाऱ्या काही प्रकारांत इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे, तेव्हा कोणी कितीही खात्री दिली तरी घटकांची यादी वाचल्याशिवाय त्याला होकार देऊ नये. सरळ केस आवडणे यात काही चूक नाही. पण तुमच्या पत्रातली तक्रार कुरळेपणाची नाही, तो टिकत नाही याची आहे. तिच्यावर सरळ करणे हा उपाय होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या पाच-सहा धुण्यांत एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल : आधी टॉवेल आणि कंगवा बंद, मग जेल ठिबकत्या केसांवर, मग डिफ्यूझरचा वेग कमी. एवढे करूनही माथा चपटाच राहिला तर मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात क्रीम व जेल यांच्या पाठीवरची घटकांची यादी उतरवून पाठवा. टाळूला खाज, लाली किंवा खपल्या असतील, अथवा केस मूठमूठ गळत असतील, तर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.